थांबण्याची ऐपत

पुण्यातली आयटीतली नोकरी, कंपनीतले इंजिनिअरपद किंवा कॉलेजातली प्राध्यापकी सोडून 'जमिनीच्या कामात' उतरणारी माणसे आता अमरावती-अकोल्यात नवलाची राहिलेली नाहीत. घरचे धास्तावतात, मित्रांना हेवा वाटतो. दोन्ही बाजू त्या माणसाचे धाडस जोखत असतात. खरे तर जोखायला हवी ती त्याची थांबण्याची ऐपत.

ही ओढ निराधार नाही. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा पट्टा साडेचार दिवसांच्या आत डांबरीकरण होऊन विक्रमात नोंदला गेला. त्याच डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. सप्टेंबर 2024 मध्ये नांदगाव पेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन झाले आणि 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. असे काही जाहीर झाले की काल एकरात सांगितलेला भाव आज चौरस फुटात सांगितला जातो.

पण भाव चढतो घोषणेने आणि पैसा हाती येतो खरेदीखताने. या दोहोंमध्ये कधी कधी एक पिढी जाते. बेलोऱ्याच्या विमानाची वाट अमरावतीकरांनी किती वर्षे पाहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. अकोल्यात शिवणीच्या धावपट्टीचा विस्तारही असाच वर्षानुवर्षे रखडत आला.

साधा हिशेब मांडू. समजा, 30 लाखांचा प्लॉट घेतला. साधारण 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी धरली की तो 32 लाखांवर पडतो. हीच रक्कम 7 टक्क्यांनी बँकेत ठेवली तर पाच वर्षांत सुमारे 45 लाख होते. म्हणजे प्लॉट 45 लाखांना विकला गेला तर आपण बँकेच्या ठेवीशी बरोबरी साधली. या पाच वर्षांत रिकाम्या प्लॉटने भाड्याचा एक रुपया दिलेला नसतो, आणि मुलांची फी मात्र दर जूनला भरावी लागते.

कापसाच्या प्रदेशाला हे नव्याने सांगायला नको. ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे, तो कापूस भरून ठेवतो आणि भाव आल्यावर काढतो; ज्याच्या डोक्यावर देणे आहे, त्याला वेचणी होताच मिळेल त्या भावात मोकळे व्हावे लागते. जमिनीत पगार हीच ती दुसरी मिळकत. बँक कर्ज देते तेही पगाराच्या स्लिपा पाहून. नोकरी सोडणारा माणूस वेळ मिळवतो, पण धीर धरण्याचे साधन गमावतो.

मग पक्की नोकरी कोणी सोडूच नये का? तसे नाही. दादासाहेब खापर्डे यांनी 1890 च्या सुमारास सरकारी नोकरी सोडून अमरावतीत वकिली थाटली. पण त्यांनी सोडली ती चाकरी. कायद्याची विद्या सोबत नेली. जमिनीच्या धंद्यातही विद्या लागते. सातबारा, फेरफार आणि मोजणीची 'क' प्रत यांतली विसंगती ओळखणे, एनए आणि ले-आऊटची मंजुरी तपासणे, घर बांधून भाड्याने देणे ही कामे पैसा देतात आणि गावालाही उपयोगी पडतात. इसार देऊन साठेखतावरच पुढचा गिऱ्हाईक शोधणे यात विद्या कमी आणि नशीब फार.

नियमही आता सैल राहिलेले नाहीत. 500 चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा ले-आऊट महारेरात नोंदवल्याशिवाय त्यातले प्लॉट विकता येत नाहीत. त्यांची दलाली करायची तर नोंदणीही हवी आणि परीक्षाही उत्तीर्ण व्हायला हवी. विदर्भाच्या 1958 च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

म्हणून राजीनामा लिहिण्यापूर्वी एक व्यवहार पगार चालू असतानाच शेवटपर्यंत करून पाहावा: जागा घ्यावी, विकावी, कर भरावा आणि उरलेला पैसा खात्यात जमा झालेला पाहावा. कागदावर वाढलेला भाव नफ्यात धरू नये. त्या एका व्यवहाराला जितकी वर्षे लागतील, तितक्या वर्षांचा घरखर्च गाठीशी असेल तर नोकरी जरूर सोडावी. नसेल, तर पगार हीच आपली सर्वांत मोलाची गुंतवणूक आहे.