राडारोड्याचा धनी

नरसी नामदेव हे कयाधूकाठचे गाव. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण ते ओळखतो. परंतु त्याचे नाव निघाले, की मला आठवते ती एक पडकी भिंत, आणि तीही मंगळवेढ्याची. इ. स. १३३८ मध्ये तेथील गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेव त्या ढिगाऱ्यापाशी गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या वेचून त्यांनी पंढरपुरास आणल्या. भिंत बांधविणारे कोण, हे आज कुणाला आठवत नाही. ढिगारा उपसणारा मात्र साऱ्यांना ठाऊक आहे.

ढिगारे आजही पडतात. जुनी इमारत पाडली, की बांधकाम कंपनी राडारोडा स्वतः उचलीत नाही; बाहेरच्या ठेकेदाराला देते. यात गैर काहीच नाही; ज्याचे काम त्यानेच करावे. परंतु काम दुसऱ्याला देता येते, तशी जबाबदारीही देता येते काय?

कुणी म्हणेल, करार केला, दाम मोजला; पुढचे पाप ज्याचे त्याने भोगावे. मला हे पटत नाही. नुसत्या खेपेवर पैसे दिले, तर गाडी जवळात जवळ रिकामी करण्यातच ठेकेदाराचा नफा. मग ती रात्री नदीकाठी नाही तर खाडीत ओतली जाते. तेच पैसे प्रक्रिया केंद्राच्या वजनपावतीवर दिले, तर गाडी केंद्रावर पोहोचते. मुंबईसाठी दहिसर व शिळफाटा येथे दिवसाला प्रत्येकी ६०० टनांची अशी केंद्रे उभी राहिली आहेत. काँक्रीट, विटा, माती, लोखंड जागीच निराळे ठेवले, तर त्यातून खडी, वाळू, फरसबंदीचे ठोकळे निघतात. सारे कालवून दिले, तर केंद्रवालाही हात टेकतो. म्हणजे ठेकेदाराचा प्रामाणिकपणा निम्मा मालकाच्याच हाती असतो! स्वस्तात स्वस्त भाव पत्करताना तो स्वस्त का, हे न विचारणे हेही एक कृत्यच आहे.

कायद्यालाही हे उमगले आहे. मोठ्या बांधकामांनी राडारोडा वेगवेगळा करावा, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी सांगितले. २०२५ च्या नियमांनी २० हजार चौरस मीटर व त्यावरील प्रकल्पांच्या उत्पादकावर त्याच्या पुनर्वापराचीही जबाबदारी टाकली. परंतु कायदा टनांत मोजतो. आपल्या न्हाणीघराच्या फुटक्या फरशा चार पोत्यांत मावतात. तेथे कोणी मोजायला येत नाही.

वाचकहो, दिवाळीपूर्वी आपणही घर झाडले, रंगविले, कुठे फरशी बदलली. ती पोती उचलणाऱ्याला एकदा विचारावे, “बाबा, हे नेतोस कुठे?” आणि योग्य जागी नेण्याचे तो चार पैसे अधिक मागेल, तर ते घराच्याच खर्चात धरावेत.