खेळासाठी ओढलेला मासा

नाताळानंतरच्या आठवड्यात, सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर बसलो असता कोळीवाड्यातील एक तरुण आपल्या आजोबांना घेऊन भेटीस आला. तरुण काही वर्षे मस्कतला एका बोटीवर नोकरीस होता. ही बोट हौशी पाहुण्यांना खोल समुद्रात गळाच्या मासेमारीसाठी नेत असे. त्याने फोनवर एक चित्रफीत दाखविली. निळ्याशार पाण्यातून माणसाहून लांब, भाल्यासारख्या चोचीचा मासा सबंध अंग बाहेर काढून उसळी घेतो, डोके झाडतो, कोसळतो आणि पुन्हा उसळतो. खुर्चीला पट्ट्यांनी जखडलेला पाहुणा घामाघूम होऊन काठी धरून बसला आहे. अखेरीस मासा बोटीच्या कडेला येतो, त्याचे छायाचित्र घेतले जाते, जबड्यातील गळ सोडविला जातो आणि तो हळूहळू खाली दिसेनासा होतो. 

"मार्लिन, फादर. दीड तास झुंजला," तरुण अभिमानाने म्हणाला.

आजोबांनी हयात डोल जाळ्यावर काढलेली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन चित्रफीत दोनदा पाहिली आणि विचारले, "सोडला? खायचा नव्हता, तर ओढला कशाला?"

प्रश्न नातवाला होता, पण पाहिले त्यांनी आमच्याकडे. भेटीचे कारण मागाहून उलगडले. घरची नाव डिझेलचा खर्चही भागवीत नाही. नातवाच्या मनात ती रंगवून, डागडुजी करून मुंबईच्या हौशी लोकांना गळाच्या मासेमारीसाठी न्यायचे आहे. परवान्यांची धावपळ अजून संपायची होती. आजोबांनी एकच अट घातली होती : फादर नावेला आशीर्वाद देणार असतील तरच. अशा रीतीने दोघांमधील वाद आमच्या ओट्यावर येऊन पोहोचला. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

वाचकांपैकी बहुतेकांना हा खेळ अपरिचित असेल. आपल्याकडे गरी टाकून बसणारा माणूस संध्याकाळच्या कालवणाची सोय पाहत असतो. श्रीमंतांच्या या क्रीडेत मात्र माशाचे वजन, दोराची जाडी आणि झुंजीची वेळ यांचा हिशेब ठेवला जातो. त्यासाठी १९३९ साली एक आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. काळ्या मार्लिनचा तिच्या दप्तरातील विक्रम आजही १९५३ सालचाच आहे. पेरू देशातील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल या अमेरिकन तेल-व्यावसायिकाने सातशे किलोंहून अधिक वजनाचा मासा दोन तासांहून कमी वेळात काठीवर ओढून काढला. काबो ब्लांकोसमोर थंड आणि उष्ण प्रवाह एकमेकांस भेटतात, म्हणून मोठे मासे तेथे येतात. नाताळच्या सुमारास त्या किनाऱ्यावर येणाऱ्या उष्ण प्रवाहाला तेथील कोळ्यांनी 'एल निन्यो', म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. आज हवामानशास्त्रज्ञांनी जगभर नेलेला हा शब्द मुळात गरीब कोळ्यांच्या भक्तीतून आलेला आहे. पण ज्या वर्षी हे बाळ दांडगाई करते, त्या वर्षी थंड पाण्यातील मासळी नाहीशी होते. १९७० साली एक कोटी टनांहून अधिक असलेली पेरूची अँकोव्हीची पकड, बेसुमार मासेमारी आणि एल निन्यो यांच्या दुहेरी माऱ्याखाली १९७३ पर्यंत वीस लाख टनांच्या आसपास घसरली.

आपल्याही किनाऱ्याला प्रवाहांचे ऋतू आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचे पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि पावसाळ्यात त्याची दिशा उलटते. मात्र वसईसमोर मार्लिन सहजी भेटेल असे कोणी समजू नये. ओमानचा समुद्र किनाऱ्याजवळच खोल होतो. मुंबईसमोरचा उथळ तळ मात्र सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. मार्लिन हा खोल, स्वच्छ, निळ्या पाण्याचा रहिवासी, आणि आमचे पाणी गढूळ, बोंबील-जवळ्याचे. नातवाच्या पाहुण्यांना बहुधा सुरमई आणि कुपा यांवरच समाधान मानावे लागेल. हे त्यालाही ठाऊक आहे, पण जाहिरातीत चित्र मार्लिनचेच असणार.

मराठी वाचकाची मार्लिनशी ओळख बहुधा पु. ल. देशपांडे यांनी करून दिली. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीचा त्यांनी 'एका कोळियाने' या नावाने अनुवाद केला. त्यातील म्हातारा सान्तियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परततो आणि मग होडीहून लांब मार्लिनशी एकटा झुंजतो. सान्तियागो म्हणजे संत याकोब, गालिलच्या सरोवरावरील जबदीचा मुलगा. हा म्हातारा मासा मिळावा म्हणून प्रार्थनांचा आणि कोब्रेच्या मातेच्या यात्रेचा नवस बोलतो. हेमिंग्वेचे नोबेल पदक पुढे क्यूबातील त्याच मातेच्या मंदिरात ठेवले गेले. म्हातारा माशाला आपला भाऊ मानतो, तरीही मारतो, कारण मासे मारणे हेच त्याचे जगणे आहे. कादंबरीवर १९५८ साली चित्रपट निघाला, तेव्हा पडद्यावर उसळणारा मार्लिन कोठून आणला? त्यातील काही दृश्ये ग्लासेलच्या विक्रमी माशाची होती. गरीब कोळ्याच्या अखेरच्या झुंजीसाठी श्रीमंताच्या करमणुकीतील मासा उसना घ्यावा लागला. पडद्यावर दोन्ही मासे सारखेच दिसतात. मग त्या दोन झुंजींत नैतिक फरक आहे तो कोठे?

मुदतीच्या आठ दिवसांत आम्ही सेमिनरीतील जुन्या वह्या धुंडाळल्या. ख्रिस्तसभेने धर्मगुरूंना शिकारीपासून दूर ठेवले, पण मासेमारीला मुभा दिली. बाराव्या शतकात ग्रेशियनने धर्मनियमांचे जे संकलन केले, त्यात संत जेरोम यांचे एक निरीक्षण आले आहे. धर्मग्रंथांत पवित्र कोळी आढळतात, पवित्र शिकारी एकही आढळत नाही, असा त्याचा आशय. वाचून आम्हांस प्रथम बरे वाटले. मग ध्यानात आले की ते पवित्र कोळी जाळीवाले होते आणि पोटासाठी समुद्रावर जात होते. चारही शुभवर्तमानांत गळ एकदाच येतो. मंदिराच्या करासाठी पेत्राला गळ टाकावयास सांगितले जाते, तेही नाण्यासाठी, गमतीसाठी नव्हे.

तथापि गंमत हीच मुळात वाईट, असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला सद्गुणांत स्थान दिले आहे. श्रमलेल्या शरीराला जशी झोप, तसा श्रमलेल्या मनाला विरंगुळा हवा, हे त्यांना मान्य होते. एकशे चारावे स्तोत्र तर सांगते की महासागरातील तो प्रचंड जलचर देवाने तेथे क्रीडा करण्यासाठीच घडविला. ईयोबाच्या ग्रंथात देव ईयोबाला उलट विचारतो की, तू त्याला गळाने ओढशील काय, पाखराशी खेळावे तसा त्याच्याशी खेळशील काय? क्रीडा ही सृष्टीच्या मुळाशीच आहे. मात्र स्तोत्रातील जलचर स्वतः खेळतो आहे. गळाला लागलेला मासा खेळत नसतो. त्याच्या उसळ्या आम्हांस नृत्यासारख्या दिसतात, पण त्या सुटकेच्या धडपडी आहेत. माशांना वेदना नसतात असा एक सोयीचा समज होता. २००३ साली ट्राउट माशांवरील प्रयोगांनी त्याला मोठा धक्का दिला.

१५६७ साली पोप पायस पाचवे यांनी बैलांच्या झुंजींवर बंदी घालून, त्या भरू देणाऱ्या राजांनाही बहिष्काराची ताकीद दिली होती. पुढच्या पोपना ती शिथिल करावी लागली, कारण स्पेनला झुंज हवी होती. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांचा अन्नासाठी उपयोग मान्य केला आहे, परंतु निष्कारण त्यांना यातना देणे अथवा मारणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरविले आहे. सारा तंटा 'निष्कारण' या एका शब्दावर येऊन ठेपतो. दीड तासाच्या थरारासाठी दिलेले पैसे हे कारण होऊ शकते काय?

येथवर आमचा निकाल जवळपास तयार होता. मुदत संपण्यापूर्वीच नातू एकटा येऊन गेला आणि त्याने तो मोडला. "फादर, आजोबांना विचारा, डोलीत रोज किती पिले मरत होती? मी एक मासा ओढतो आणि सोडतो."

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. डोलीच्या शेपटाकडील आस इतका बारीक की कोवळी मासळीही त्यातून सुटत नाही. सरंग्याची पिले बाजारात येतात, कारण ती घेणारे आहेत. घेणाऱ्यांत आम्हीही आलो. एका सणाच्या जेवणावळीत तळहाताहून लहान पापलेटे आम्ही मिटक्या मारीत खाल्ली आणि यजमानीणबाईंची वाखाणणीही केली. शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविली गेली. आम्हांस ते वर्तमानपत्रातून कळले, आणि आमच्या ताटातील ती पापलेटे कोणत्या लांबीत बसत होती, याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही. निष्कारण मरणाची मोजदाद करावयाची, तर ती आमच्या स्वयंपाकघरापासून करावी लागेल.

मासा सोडला म्हणजे तो वाचला, हा नातवाचा समज मात्र तपासून पाहावयास हवा होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटिकमधील चाळीस पांढऱ्या मार्लिनना गळावरून सोडताना उपग्रह-खुणा लावल्या होत्या. साध्या वाकड्या गळाने पकडलेल्या विसांपैकी सात नंतर मेले. टोक आत वळलेल्या गोल गळाने पकडलेले वीसही जगले. मासा तोच, समुद्र तोच, फरक केवळ लोखंडाच्या वळणाचा. हे आम्ही नातवाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, गोल गळ त्याला माहीत आहे, पण पाहुण्यांना साधा गळ आवडतो, कारण तो झटकन रुततो.

स्वित्झर्लंडचा कायदा याहून पुढे गेला. तेथील २००८ च्या नियमाप्रमाणे मासा सोडून देण्याच्या हेतूने गळ टाकणेच निषिद्ध आहे. धरायचा तो खाण्यासाठी धरा, नाहीतर गळ टाकू नका. आजोबांचा ओट्यावरील प्रश्न आणि हा कायदा यांत शब्दांखेरीज काही अंतर नाही, हे पाहून आम्हांस गंमत वाटली. उलट बाजूस संत फ्रान्सिस आठवले. रिएतीच्या सरोवरावर एका कोळ्याने त्यांना जिवंत मासा भेट दिला आणि त्यांनी तो लगेच पाण्यात सोडला. निरोप मिळेपर्यंत तो होडीभोवतीच खेळत राहिला, अशी कथा आहे. पण त्यांनी तो स्वतः ओढला नव्हता.

सोडणे आपल्याकडेही घडते. जाळ्यात व्हेल शार्क अथवा समुद्री कासव अडकले, तर महाराष्ट्रातील कोळी जाळे कापून त्याला मोकळे करतात. डिसेंबर २०१८ पासून शासन त्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. जाळे त्याहून महाग असू शकते, आणि बुडालेला दिवस तर कोणी भरून देत नाही. आमच्या मते या दोन सोडण्यांत खरा भेद आहे तो येथे. जाळे कापणारा सुटकेची किंमत आपल्या खिशातून देतो. खेळणारा ती माशाच्या अंगातून वसूल करतो आणि वर दयाळूपणाचे छायाचित्र घेतो. मासा सुटला, एवढ्यावरून दोघांना एका रांगेत बसवता येत नाही.

असे असूनही नातवाला नकार देणे आम्हांस जड गेले. कोळीवाड्यातील कितीतरी मुले आखातात आणि बोटींच्या इंजिनखोल्यांत पांगली आहेत. हा एक परत आला आहे, आणि समुद्र सोडून गाळा भाड्याने देण्याऐवजी नाव वापरू म्हणतो आहे. नावेतून जाणाऱ्यांनी एखादी सुरमई गळाने धरली आणि घरी नेऊन खाल्ली, तर ती डोलीच्या ढिगाऱ्याहून अधिक मानाने मेली, असेही म्हणता येईल. आमच्या मनातील पारडे त्या आठवड्यात अनेकदा वरखाली झाले.

ठरल्या दिवशी दोघे आले. आम्ही आमचा कौल सांगितला. खाण्यासाठी धरत असाल, माणशी एक मासा आणि तोही लहान नसेल, तर नावेला आशीर्वाद देऊ. केवळ झुंजविण्यासाठी गळ टाकणार असाल, तर देणार नाही. भाल्याच्या चोचीचा एखादा चुकून लागलाच, तर छायाचित्रासाठी त्याला नावेत घेऊ नये, बोटीच्या कडेलाच दोर कापावा. नातू बराच वेळ गप्प राहिला. पाहुणे झुंजीसाठीच पैसे देतात, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खरे होते. त्याला महिन्याकाठी किती फटका बसेल, याचा आकडा त्याने आम्हांस सांगितला. तो लहान नव्हता.

आजोबांनी विचारले, "दोर कापला, तर गळ त्याच्या तोंडातच राहणार ना?"

नातू म्हणाला, "पोलादी गळ खाऱ्या पाण्यात गंजून पडतो, आजोबा. स्टेनलेसचा लवकर पडत नाही."

"मग साधा आण," आजोबा म्हणाले, "आणि तो गोल."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही बंदरावर गेलो. नाव निळी-पांढरी रंगविली होती आणि नाळेवर नवा क्रूस बसविला होता. गळाच्या काठ्या नातवाने मुद्दाम घरी ठेवल्या होत्या. मागे जाळे मात्र नीट घडी करून ठेवलेले होते. पाहुणे न आल्यास आजोबा ते वापरणार होते. त्याचा आस किती, हे विचारावे असे आमच्या मनात आले, परंतु मंडळी जमली होती आणि ओहोटी लागण्यास थोडाच अवधी उरला होता.