चाल फारसी, बोल तुर्की

समर्थांच्या ‘मनाच्या श्लोकां’ची चाल मराठी कानाला लहानपणापासून ओळखीची. लघु-गुरू-गुरू, चार वेळा. या भुजंगप्रयातातले शेवटचे अक्षर गाळले की उरते ती फिरदौसीच्या ‘शाहनाम्या’ची चाल, फारसीतले मुतकारिब. शाहनामा पुरा होऊन साठेक वर्षे झाली असतील. तेव्हा, १०६९-७० मध्ये, काशगरला युसुफ खास हाजिबाने याच चालीत साडेसहा हजार द्विपदींचे ‘कुतद्गु बिलिग’ तुर्कीत पूर्ण केले. राजाने कसे वागावे हे सांगणारे काव्य. शब्द बहुतेक घरचे, चाल पाहुणी.

चाल उचलणे सोपे, तिच्यात आपली भाषा बसवणे कठीण. अरबी-फारसीचे वृत्तशास्त्र, अरूज, ऱ्हस्वदीर्घावर उभे; आणि तुर्कीच्या स्वतःच्या शब्दांत दीर्घ स्वर जवळजवळ नाहीतच. तुर्की लोकगीते अक्षरे मोजून चालत, आपल्या ओवी-अभंगासारखी. मग गुरूच्या जागी ठेवायचे काय? व्यंजनाने बंद होणारे अक्षर चालते. ते मिळाले नाही तर ऱ्हस्व स्वर ताणायचा. या ताणण्याला ‘इमाले’ म्हणत, आणि तो दोष मानला जाई. वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ करणाऱ्या मराठी कवीला ही अडचण वेगळी समजवायला नको. तिसरी वाट म्हणजे मुळातच दीर्घ स्वर असलेला फारसी किंवा अरबी शब्द आणून बसवणे. उस्मानी (ऑटोमन) तुर्की कवितेत परक्या शब्दांची दाटी झाली ती दरबारी प्रतिष्ठेमुळे, हे खरेच. पण वृत्ताची ही भूकही तिच्यामागे होती, असे मला वाटते.

तेराव्या शतकात कोन्याचे सेल्जुक सुलतान तुर्क, दरबाराची भाषा मात्र फारसी. रूमीने तिथे जवळजवळ सगळे फारसीतच लिहिले; त्याचा मुलगा सुलतान वेलेद याने थोडे तुर्कीत रचून पाहिले.

फारसीपुढची ही भीड खरी मोडली हेरातचा कवी अली शीर नवाई याने. १४९९ मध्ये, आयुष्याच्या अगदी अखेरीस, त्याने ‘मुहाकमतुल लुगतैन’ लिहिले, म्हणजे दोन भाषांचा न्यायनिवाडा. त्याचे पुरावे घरातलेच आहेत. फारसीत थोरला भाऊ काय, धाकटा काय, दोघेही ‘बिरादर’. तुर्कीत थोरला ‘आगा’, धाकटा ‘इनी’. रडण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांना तुर्कीत वेगवेगळी क्रियापदे आहेत, हेही तो दाखवतो. निवाडा एकतर्फी आहे, पण तो देणारा फारसीचा वैरी नव्हता. फारसी कवी जामी हा त्याचा गुरू आणि मित्र. ‘फानी’ या नावाने त्याने स्वतःही फारसी दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, रचला. फारसी आतून जाणणाराच तुर्कीची बाजू मांडत होता, म्हणून त्याचे म्हणणे मला मोलाचे वाटते.

१५१४ मध्ये चाल्दिरानला उस्मानी सुलतान सलीम आणि इराणचा शाह इस्माईल एकमेकांशी लढले. सलीमचा दिवाण फारसीत आहे, इस्माईलचा तुर्कीत. कोणती भाषा कोणाची, हे तिथे सरहद्दीवरून ठरत नव्हते. एकोणिसाव्या शतकात नामिक केमालसारख्या तुर्की लेखकांनी उस्मानी दरबारी कवितेला कृत्रिम ठरवले, पुढे तिला फारसीची नक्कल म्हणण्याची रीतच पडली. मला ती पटत नाही. शेकडो वर्षे दोन्ही भाषांत विचार करणाऱ्या माणसांची ती कविता होती.

विसाव्या शतकात तुर्कस्तानात अक्षरे मोजायची चाल राष्ट्रीय ठरली, १९२८ मध्ये लिपीही बदलली. कवी याह्या केमाल (१८८४-१९५८) मात्र अरूज सोडायला तयार नव्हता. अक्षरगणनेत त्याची एकच कविता आहे, ‘ओक’, म्हणजे बाण. बाकी सगळीकडे इस्तंबूलच्या घरांत बोलली जाणारी तुर्की त्याने अरूजात अशी बसवली, की ताणलेला स्वर क्वचितच कानाला लागतो.