चार हात पुढची जमीन

मोटारींचा मागमूस नसलेल्या जंगलवाटेवर सायकल चालवणे म्हणजे एक प्रकारचे ध्यानच, असे हल्ली पुष्कळ सायकलस्वार मनापासून म्हणतात. रुंद टायरांची, वळलेल्या हँडलची ग्रॅव्हल सायकल डांबर सोडून मुरुमाला लागते, हॉर्न मागे पडतात, श्वासाची आणि पायडलची लय जुळते आणि मन निवते. हा अनुभव खराच आहे. धाराशिव जिल्ह्यात त्याला साजेशी जागाही आहे. येडशीजवळ बालाघाटाच्या घळीत रामलिंगाचे देऊळ आहे, भोवती 1997 साली जाहीर झालेले सुमारे 22 चौरस किलोमीटरचे येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे आणि त्याच येडशीवरून सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो. चौपदरी रस्त्याच्या गोंगाटातून आलेल्या माणसाला ही झाडी ओढून घेते यात नवल नाही. प्रश्न एवढाच की या शांततेचा धनी कोण? ती सायकलस्वाराच्या मनःशांतीसाठी राखलेली आहे, असे गृहीत धरूनच सगळे बोलतात. मला हे गृहीतक चुकीचे वाटते. गाडी नसलेल्या वाटेचे मोल त्या वाटेवरच्या दुसऱ्या जीवांना मिळणाऱ्या निर्भयतेत आहे आणि ती राखण्याचे कर्तव्य तिथे महामार्गावरच्यापेक्षा अधिक कडक होते. महामार्गावर प्रत्येक जण जीव मुठीत धरून स्वतःला सांभाळतो. जंगलात मात्र समोरचा बेसावध असतो, म्हणून सावध राहण्याचा सगळा भार येणाऱ्यावर पडतो.

याचा पुरावा रामलिंगाच्याच कथेत आहे. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवले आणि तो इथेच पडला, अशी परिसरातली श्रद्धा आहे. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदलाही लोक हेच सांगतात. स्थळाचा वाद इथे सोडवायचे कारण नाही, कथेची रचना महत्त्वाची आहे. पंख छाटणारा आकाशमार्गाने निघून जातो. पडलेला पक्षी सापडतो तो रान तुडवत, खुणा शोधत येणाऱ्या दोघा भावांना. वाल्मीकींनी त्यात आणखी एक गोष्ट घातली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रक्ताने माखलेला जटायू दिसताच रामाला प्रथम वाटते की यानेच सीतेला खाल्ले, आणि तो बाण जोडून त्याच्याकडे धावतो. मग जटायू बोलतो आणि राम धनुष्य टाकून त्याला मिठी मारतो. समोरच्या जीवाविषयीचा गैरसमज दुरुस्त व्हायला त्याच्याजवळ थांबावे लागते आणि थांबता येईल इतकाच वेग असावा लागतो. धर्मकथेतून वाहतुकीचा नियम काढतो आहे, असे कोणी म्हणेल. पण वेग हा नीतीचा विषय आहे ही कल्पना मी बाहेरून आणलेली नाही, ती याच जिल्ह्यात अत्यंत काटेकोरपणे पाळली गेली आहे.

भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींचे निर्वाण इथे झाले असे मानतात, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेऊन इथेच देह ठेवला. दिगंबर मुनी कोणत्याही वाहनात बसत नाहीत, विहार अनवाणी पायांनीच होतो. त्यांच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या नियमांपैकी, पहिली ईर्यासमिती: दिवसाउजेडी, चार हात पुढची जमीन नीट पाहत, जीव वाचवत पाऊल टाकणे. चार हात म्हणजे साधारण सहा फूट. ताशी पाच किलोमीटरने चालणाऱ्याला एवढे अंतर कापायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. काही दिसले तर पाऊल हवेत थांबवायला तेवढा वेळ पुरतो. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला तेच अंतर सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात संपते, साठने जाणाऱ्या मोटारीला एक नवमांश. म्हणजे हा नियम माणसाच्या डोळ्याची आणि पायाची मर्यादा ओळखून बांधलेला आहे. मुनींच्या कसोटीवर सायकल नापास होते, हे सायकलप्रेमींनी मान्य करावे. इंजिन नाही, धूर नाही म्हणून ती आपोआप अहिंसक ठरत नाही. उलट तिचा आवाज होत नाही हेच जंगलात अडचणीचे आहे. जीप येते ती दुरून ऐकू येते, वळणावरून उतरणारी सायकल मोराला किंवा सशाला अंगावर आल्यावरच कळते.

मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर मुरुमाच्या वाटेकडे उकिडवे बसून पाहावे. ओल धरलेल्या तांबड्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरत असतात. वाणी शेकडो पायांनी वाट ओलांडत असतो आणि पाऊल वाजले की गोल चकती होऊन जागीच पडून राहतो. संकटापुढे निपचित पडणे हाच त्याचा बचाव, चाकापुढे तोच त्याचा घात. सायकलस्वाराची नजर तर आठ-दहा मीटर पुढे असते, कारण खड्डा आणि सुटी खडी तिथूनच हेरावी लागते. चाकाखालची जमीन तो पाहतच नाही. म्हणून ‘तंद्री लागते’ या शब्दांत जेव्हा या छंदाची थोरवी सांगितली जाते, तेव्हा मला तेरचे गोरोबाकाका आठवतात. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवताना पायाखाली आपले तान्हे मूल आले आणि त्यांना कळले नाही, ही कथा मराठी मुलुखात सर्वांना माहीत आहे. विठ्ठलाने मूल परत दिले, यावर भक्ताचे मन विसावते. पण कथेने एक गोष्ट लपवलेली नाही: तल्लीनता कितीही पवित्र असो, तिची किंमत पायाखालच्याने मोजली. गोरोबांसारख्या संताची ही गत, तर छंद म्हणून घेतलेल्या तंद्रीला आपण साधना म्हणावे का? आत्मभान हरपणे आणि भूतदया या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेला प्रिय आहेत. रस्त्यावर मात्र दोन्हींची एकदम जपणूक होत नाही, तिथे दुसरीला मान द्यावा लागतो.

देव मनात असतो, तो कसा गाठला याला काय महत्त्व, असा एक आक्षेप येईल. तुळजापूरची परंपरा त्याला उत्तर देते. अश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातो. देवीचा पलंग घोडेगावाहून आणि पालखी बुऱ्हाणनगरहून येते, आजही माणसांच्या खांद्यावरून. पोहोचणे एवढेच महत्त्वाचे असते तर ट्रकने काम भागले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हाताऱ्या, अपंग, लेकुरवाळ्या भाविकांनी रामलिंगाला जायचे कसे? त्यांच्यासाठी देवळापर्यंत गाडी हवीच, त्याबद्दल वाद नको. ईर्यासमितीचा अर्थ दुबळ्याला घरी बसवणे असा होत नाही. मी बोलतो आहे ते देवळापलीकडच्या वाटांविषयी, जिथे धडधाकट माणूस केवळ आनंदासाठी जातो. तिसरा आक्षेप असा की मग सायकलही बंद करा. तेही मला पटत नाही. जैन परंपरेने गृहस्थाला मुनींचे महाव्रत सांगितलेले नाही, अणुव्रत म्हणजे लहान व्रत सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ सवलत असा नसून आपल्या ऐपतीइतकी पण खरी जबाबदारी असा आहे. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग, उतारावर तर हमखास ब्रेकवर हात, अंधार पडण्याआधी परत, आणि समोरून मेंढरे आली तर सायकलवरून उतरून उभे राहणे. त्या वाटा मेंढपाळाच्या पायांनी पडल्या आहेत, लाखभर रुपयांच्या सायकलीला तिथे अग्रहक्क नाही. कायद्याचेही म्हणणे वेगळे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार पर्यटकाने अभयारण्यात शिरायचे ते परवानगी घेऊनच.

हे जंगल किती लहान आहे आणि तरी किती लागते, हे 2024 च्या डिसेंबरमध्ये दिसले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक तरुण वाघ येडशीच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. वाटेत शेते, गावे, रेल्वे, महामार्ग ओलांडत तो आला आणि या बावीस चौरस किलोमीटरच्या झाडीत थांबला. त्याला इथे शांतता मिळाली, ती आपण त्याला मुद्दाम दिलेली नव्हती. आता मुद्दाम देता येईल. चातुर्मासात, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जैन मुनी एका जागी राहतात, कारण तेव्हा जमीन जिवांनी भरलेली असते. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या सायकल मंडळांनी तेवढे चार महिने येडशीच्या वनवाटा स्वतःहून सोडाव्यात. नेमके तेव्हाच जंगल सर्वांत हिरवे असते आणि तिथला धबधबा वाहतो, हे खरे, म्हणूनच ते सोडण्याला अर्थ आहे. त्या काळात नळदुर्ग आणि परंड्याच्या किल्ल्यांकडे जाणारे गावरस्ते सायकलला मोकळे आहेत.