तो पुरुष कोठें होता?

गेल्या महिन्यांत उपदेशकांची बैठक आटोपल्यावर एका वृद्ध उपदेशकानें मला बाजूला घेऊन विचारिलें, "पाळकसाहेब, व्यभिचार हा आतां सरकारदरबारीं गुन्हा राहिला नाहीं, असें माझा नातू सांगतो. मग मंडळीनें तरी कोणास शिक्षा कां लावावी? लोक मला तोंडावर म्हणतात कीं, कोर्टानें सोडलें त्यास पकडणारे तुम्ही कोण?" मीं घाईनें उत्तर दिलें कीं, पाप तें पापच. उत्तर खोटें नव्हतें, परंतु अपुरें होतें, आणि हें मला घरीं पोहोंचेपर्यंतच कळून चुकलें. त्या उपदेशकाच्या गांवीं एक गोष्ट पूर्वीं घडली आहे. तिच्यामुळें हा प्रश्न मला झोंबला. ती पुढें सांगेन. आधीं कायदा काय होता व त्याचें काय झालें हें वाचकांनीं समजून घ्यावें, कारण गांवोगांवीं ह्याविषयीं भलतेंच बोललें जातें.

इंग्रजी अमलांत ह्या देशासाठीं दंडविधान रचण्याचें काम मेकॉलेसाहेबांच्या मंडळाकडे आलें. त्यांच्या १८३७ च्या मसुद्यांत व्यभिचार हा गुन्हा धरलाच नव्हता. पुढें ज्यांनीं तो मसुदा तपासला त्यांनीं तो घातला, आणि १८६० सालीं संहिता मंजूर झाली तेव्हां तो तींत ४९७ वें कलम म्हणून आला. परस्त्रीशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषास पांच वर्षांपर्यंत कैद, स्त्रीस कांहीं नाहीं. स्त्रीला वगळण्याचें कारण दयेचें दिलें होतें: ह्या देशांत मुलीचें लग्न लहानपणींच होतें, नवरा दुसऱ्या बायका करून तिला टाकितो, तेव्हां तिला दंड करणें न्यायाचें नव्हे.

इतकें ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, कायदा स्त्रियांच्या बाजूचा होता. परंतु त्यांतील अटी पाहाव्या. ती स्त्री दुसऱ्याची विवाहित बायको असेल, आणि तिच्या नवऱ्याची संमति किंवा मूक मान्यता नसेल, तरच गुन्हा होई. नवऱ्यानें होकार दिला कीं गुन्हा उरत नसे! ती विधवा किंवा अविवाहित असेल तरी गुन्हा नाहीं. फिर्याद करावयाची तीही तिच्या नवऱ्यानें. व्यभिचारी पुरुषाची स्वतःची बायको घरीं चुलीपुढें रडत बसली असेल, तर तिला फिर्यादीचा अधिकार नव्हता. माझ्या शेतांतलें पीक कोणीं कापिलें तर मी फिर्याद करितों, आणि मींच कापूं दिलें असेल तर ती चोरी होत नाहीं. त्या कलमानें बायकोला शेताच्या जागीं बसविलें होतें.

ह्याविरुद्ध मोठा वाद प्रथम मुंबई राज्यांतूनच सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९५४ सालच्या त्या खटल्यांत आरोपीचें म्हणणें असें कीं, स्त्रीला सोडून मला एकट्याला धरणें हा भेदभाव आहे. न्यायालयानें तें मानिलें नाहीं. राज्यघटना स्त्रियांसाठीं विशेष तरतूद करूं देते, असें सांगितलें. पुढें १९८५ सालीं व १९८८ सालीं स्त्रियांनींच तें कलम आव्हानिलें, तरी तें टिकलें. शेवटीं जोसेफ शाइन ह्यांच्या अर्जावरून २७ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तें रद्द केलें. नवरा हा बायकोचा धनी नव्हे, हें त्या निकालाचें सार होय. घटस्फोटाचें कारण म्हणून व्यभिचार तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तींतही हें कलम घेतलेलें नाहीं.

आतां दुसऱ्याच्या घराकडून आपल्या घराकडे वळूं. ख्रिस्ती लोकांसाठीं १८६९ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणें नवऱ्यानें बायकोचा व्यभिचार शाबीत केला कीं पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार शाबीत करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग असें आणखी कांहीं शाबीत करावें लागे. नवऱ्यास बायकोच्या जारापासून नुकसानभरपाई मागतां येई, जणूं कोणीं बैल सोडून नेला! हें माप इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावरून घेतलेलें. इंग्लंडनें तें आपल्या घरांत १९२३ सालीं मोडिलें. आमच्याकडे तें तसेंच राहिलें. केरळच्या उच्च न्यायालयानें १९९५ सालीं, व मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १९९७ सालीं त्यावर हात घातला, आणि २००१ सालीं संसदेनें कायदा बदलून दोघांस एकच माप केलें. ज्या कायद्यावर आपल्या समाजाचें नांव, त्यांत १३२ वर्षें आपल्या बहिणींसाठीं वेगळें माप होतें. तें मोडण्यासाठीं मंडळ्यांतील स्त्रियांनीं व कांहीं पुढाऱ्यांनीं खटपट केली हें खरें. परंतु गांवच्या देवळांत त्यावर कोणाचा उपदेश मीं ऐकिला नाहीं. सेमिनरींत असतां मला स्वतःला हें कलम ठाऊक नव्हतें, हें सांगावयास लाज वाटते.

हें दुसरें माप शास्त्रांत कोठें आहे? लेवीयाच्या विसाव्या अध्यायांत व अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत त्या पापाबद्दल पुरुष व स्त्री दोघांसही मरणदंड सांगितला आहे. मग मंदिरांत प्रभूपुढें जी स्त्री उभी केली ती एकटी कां? शास्त्री आणि परूशी म्हणत होते कीं, ती कर्म करितांनाच धरली गेली. तसें असेल तर पाप करणारी ती एकटीच कशी सांपडली? मोशेचें नांव घेऊन दगड उचलणाऱ्यांनीं मोशेच्या आज्ञेंतील अर्धा भाग घरींच ठेवून दिला होता. प्रभूनें तिचें पाप पाप नव्हे असें सांगितलें नाहीं. पुन्हां तसें करूं नको म्हणून बजाविलें. परंतु त्या अर्ध्या न्यायाचा दगड त्यानें कोणाच्याही हातून सुटूं दिला नाहीं.

ही कथा योहानाच्या अत्यंत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाहीं, हें उपदेशकांस माहीत असावें. ऑगस्टिनानें ह्याचें जें कारण सुचविलें तें विचार करण्याजोगें आहे. कांहीं अल्पविश्वासी पुरुषांनीं आपल्या बायकांस मोकळीक मिळेल ह्या भीतीनें ती कथा आपल्या प्रतींतून काढून टाकिली, असें त्यास वाटलें. त्याचा तर्क बरोबर असो वा नसो, पुरुषाचें मन त्यानें ओळखिलें होतें. यहूदाची गोष्ट आठवा. सून गरोदर आहे असें ऐकतांच त्यानें तिला जाळण्याचा हुकूम सोडिला. मग त्याची स्वतःची मुद्रा व काठी त्याच्यापुढें आली, तेव्हां त्याला कबूल करावें लागलें कीं, ती आपल्यापेक्षां नीतिमान आहे. आणि पौल करिंथकरांस लिहितांना बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार सांगून थांबत नाहीं. लगेच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार सांगतो. त्या काळीं हें वाचून दाखविलें तेव्हां करिंथच्या पुरुषांस कसें वाटलें असेल!

आतां मूळ प्रश्न. जें जें पाप तें तें गुन्हा असावें काय? शेजाऱ्याच्या म्हशीवर डोळा ठेवणाऱ्यास पोलिसपाटील धरून नेत नाहीं, तरी दहावी आज्ञा मोडतेच. सरकारच्या हातीं तरवार दिली ती उपद्रव आवरण्यासाठीं. अंतःकरण शुद्ध करणें हें तिचें काम नव्हे. ह्यावर कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे, कीं व्यभिचार हा लोभासारखा मनांतल्या मनांत राहत नाहीं. त्यानें बायकोचें व लेंकरांचें घर मोडतें. खरें आहे. परंतु नवरा पांच वर्षें तुरुंगांत बसला तर त्या घरांत भाकर कोठून येणार? आणि तुरुंगाच्या भीतीनें जो घरीं राहिला, तो बायकोजवळ राहिला कीं फौजदाराजवळ? ज्याचा उपद्रव तिला प्रत्यक्ष होतो त्यासाठीं कायदा आजही आहे. पहिली बायको हयात असतां व तो विवाह कायम असतां दुसरें लग्न करणें हा गुन्हाच आहे, आणि त्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. नवऱ्यानें दुसरी बाई ठेविली असेल तर बायकोनें वेगळें राहूनही पोटगी मागावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचें १४४ वें कलम तें देतें. तेंच कलम विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलालाही बापाकडून पोषण मिळवून देतें. उपदेशकांनीं हें कलम लक्षांत ठेवावें.

मंडळीच्या शिस्तीची गोष्ट निराळी आहे. ती भावाला मिळवून घेण्यासाठीं आहे, असें प्रभूनें मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत शिकविलें. प्रभुभोजनापासून कांहीं काळ दूर ठेवणें हें एक. पाणी, दुकान, लग्नकार्य बंद करणें हें अगदीं दुसरें. तें जातपंचायतीचें वाळीत टाकणें झालें, आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्काराच्या कायद्याप्रमाणें त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आम्ही जात सोडून आलों असें म्हणतों, पण तिची पंचायत बरोबर घेऊन आलों काय?

आतां ती गोष्ट. आठ वर्षांपूर्वीं त्या गांवच्या मंडळींत एक विधवा, मोलमजुरी करणारी, गरोदर राहिली. पंच बसले, मी अध्यक्ष होतों. तिला विचारिलें तेव्हां तिनें एका पंचाचेंच नांव घेतलें. त्यानें नाकारिलें. आम्हीं तीमथ्याच्या पत्राचा आधार काढिला कीं, वडिलांवरील आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांवांचून घेऊं नये. वचन खरें, आमचा उपयोग खोटा. कारण तिच्याविरुद्ध साक्षीदाराची गरज नव्हती, तिचें पोटच साक्ष देत होतें. तिला एक वर्ष प्रभुभोजन बंद केलें. त्याला मीं एकांतांत दोन शब्द सांगितले. ती कांहीं रविवार दाराजवळ बसली. हळूहळू बायकांनीं तिच्याशीं बोलणें टाकिलें, लग्नांस बोलावणें टाकिलें, आणि मीं तें पाहूनही कोणास कांहीं म्हटलें नाहीं. मूल झाल्यावर ती शहराकडे निघून गेली. पुढें त्या पंचाची बायको माझ्या घरीं येऊन रडली, आणि नवऱ्यानें आपणापाशीं सर्व कबूल केलें असें म्हणाली. मीं तिच्याबरोबर प्रार्थना केली व गप्प राहिलों. देवळावरचे पत्रे त्याच्या देणगीचे होते.

ह्या गोष्टींत ४९७ वें कलम असतें तरी लागलें नसतें, कारण ती विधवा होती. म्हणून कोर्टानें सोडिलें हें निमित्त आम्हांला नाहीं. आम्हीं त्याला कोर्टाच्या निकालापूर्वींच सोडिलें होतें.

त्या उपदेशकास मीं दुसऱ्या आठवड्यांत हें सर्व सांगितलें. त्याला त्यांतलें बहुतेक ठाऊक होतें, आणि म्हणूनच त्यानें मला विचारिलें होतें. मग पंचांची सभा बोलाविली व आधीं माझी चूक सर्वांपुढें मांडिली. तो गृहस्थ पुष्कळ वेळ बोलला नाहीं. नंतर उभा राहून त्यानें कबूल केलें व पंचपद सोडिलें. त्याला एक वर्ष प्रभुभोजन बंद केल्याचा ठराव झाला. दोघा पंचांनीं सही केली नाहीं. त्या बाईचें नांव शिक्षेच्या वहींतून काढून आम्हीं क्षमा मागणारें पत्र तिच्या भावाकडे दिलें आहे. उत्तर आलेलें नाहीं. त्या मुलाचें पोषण कोणीं करावें हा प्रश्न सभेंत आमच्यापैकीं कोणीं काढिला नाहीं. तो त्या गृहस्थाच्या बायकोनें, दाराशीं उभी राहून, काढिला. पुढच्या सोमवारीं ती व तो वृद्ध उपदेशक शहरांत त्या बाईचा पत्ता शोधावयास जाणार आहेत.