बेल वाजवू नका, दाराशी ठेवा

मंगळवार, सामान्य काळातील ३३वा आठवडा
पहिले वाचन : प्रकटीकरण ३:१-६, १४-२२
शुभवर्तमान : लूक १९:१-१०



आजचं मनन लिहायला मी काल रात्रीच बसलो होतो. वाचन ओळखीचं. लावदिकियाची मंडळी, कोमट पाणी, दारावर ठोठावणारा प्रभू. यावर पूर्वीही लिहिलंय, त्यामुळे अर्ध्या तासात उरकेल असा हिशोब होता. तेवढ्यात मोबाईलवर एक मेसेज आला आणि जे लिहिलं होतं ते सगळं मी पुसून टाकलं. मेसेज काय होता ते पुढे सांगतो. आधी लावदिकियाला जाऊन येऊ.

हे शहर आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ होतं. आता तिथे अवशेष आहेत. पण योहानाच्या काळात त्याचा थाट वेगळाच होता. सावकारी पेढ्यांचं गाव. रोमचा सिसेरो त्या भागाचा कारभार पाहायला निघाला तेव्हा त्याने आपली हुंडी इथेच वटवायचं ठरवलं होतं. इथल्या मेंढ्यांची काळीभोर लोकर नावाजलेली. वैद्यकाचं शिक्षण परिसरात चाले आणि डोळ्यांवरच्या औषधासाठी तो मुलूख प्रसिद्ध होता. इ. स. ६० मध्ये भूकंपाने शहर कोसळलं, तेव्हा रोमकडून एक पैसाही न घेता लोकांनी ते स्वतःच्या बळावर पुन्हा उभं केलं, अशी नोंद टॅसिटस या रोमन इतिहासकाराने करून ठेवली आहे.

आता ते पत्र पुन्हा वाचा. प्रभू त्यांना म्हणतो की तुम्ही स्वतःला श्रीमंत समजता, काही कमी नाही असं म्हणता, पण तुम्ही कंगाल आहात, आंधळे आहात, उघडे आहात. माझ्याकडून सोनं घ्या, पांढरी वस्त्रं घ्या, डोळ्यांत घालायला अंजन घ्या. पेढ्यांच्या गावाला सोनं, काळ्या लोकरीच्या गावाला पांढरे कपडे, डोळ्यांच्या औषधाच्या गावाला अंजन! त्यांना ज्या ज्या गोष्टीचा अभिमान होता, तिथेच नेमकं बोट ठेवलंय.

आणि मग ते पाणी. लहानपणापासून आपण ऐकत आलो की ऊन म्हणजे तळमळीचा भक्त, थंड म्हणजे नास्तिक, आणि कोमट म्हणजे आपण. मला कायम प्रश्न पडायचा की देवाला कोमट भक्तापेक्षा नास्तिक कसा काय परवडतो? पण तिथला नकाशा पाहिला की वेगळंच दिसतं. उत्तरेला सुमारे दहा किलोमीटरवर हेरापली, म्हणजे आजचं पामुक्कले. तिथे ऊन पाण्याचे झरे, लोक अंग शेकायला जायचे. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथे डोंगरातलं थंडगार पाणी. लावदिकियाला पेढ्या होत्या, पण स्वतःचं चांगलं पाणी नव्हतं. दुरून नळांतून आणावं लागे, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ते पोचेपर्यंत ना ऊन राही ना थंड. ऊन पाण्याने दुखणं शेकता येतं, थंड पाण्याने तहान भागते. कोमट पाण्याने कोणाचं काय होतं? प्रभूचा प्रश्न तोच असावा : तुमच्यामुळे कोणाचं काही झालं का?

त्या नळांचे तुकडे आजही पाहायला मिळतात. आतून क्षारांचा जाड थर चढून नळाचं तोंड अरुंद झालेलं आहे. टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शॉवरची भोकं बुजतात, गीझरची कॉइल पांढरी होते. कोणत्या दिवशी बुजली ते कोणी सांगू शकत नाही. पाणी तर रोज येतच असतं!

आजच्या वाचनात सार्दीस शहरालाही पत्र आहे. तेही याच जातीचं. सार्दीसचा किल्ला इतक्या उभ्या कड्यावर होता की त्या बाजूने कोण येणार म्हणून तिथे पहारा ठेवत नसत. आणि शत्रू त्याच बाजूने चढून आला. एकदा कोरेश राजाचं सैन्य आलं आणि तीनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा अंतियोखसचं. दोन्ही वेळा तेच. अशा गावाला प्रभू सांगतो की जागे राहा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तुमच्यापैकी बरेच जण मला हे विचारतात. ‘प्रार्थनेत काहीच वाटत नाही, मिस्साला मन लागत नाही, मग मी कोमट झालो का?’ नाही, लगेच तसं समजू नका. कोरडं पडणं वेगळं. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. पण त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे जात होत्या. त्यांचा घसा कोरडा होता, म्हणून तर तहान इतकी होती. ज्याला ‘देव जाणवत नाही’ याचं दुःख होतंय, त्याने आजचं पत्र स्वतःला लावून घेऊन घाबरू नये. कोमट माणसाला दुःख होत नाही. त्याचं छान चाललेलं असतं.

माझं छान चाललं होतं. आता तो मेसेज.

तीन आठवड्यांपूर्वी एका ताईंनी मला लिहिलं होतं. हे मनन त्या रोज वाचतात, आमची प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. मुलाचं ऑपरेशन ठरलंय, प्रार्थनेत आठवण ठेवा, एवढंच. खाली मुलाचं नाव. मी लगेच उत्तर दिलं, ‘नक्की ताई, रोज प्रार्थना करतो. प्रभू सोबत आहे.’ आणि पुढे हात जोडलेली इमोजी. एक नाही, तीन.

काल रात्री त्यांनी कळवलं की गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं, मुलगा घरी आलाय. पुढे लिहिलं होतं, ‘रात्री झोप लागायची नाही तेव्हा मनात यायचं, तुम्ही रोज प्रार्थना करताय. फार आधार वाटला.’

मी एकदाही प्रार्थना केली नव्हती.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. पण विसरण्यासाठी आधी मनात घ्यावं लागतं. मी घेतलंच नव्हतं. त्या मुलाचं नाव आठवून पाहिलं, आठवेना. मेसेज मागे सरकवत सरकवत शोधावं लागलं. आणि गंमत बघा (गंमत कसली), गेल्या शनिवारच्या शुभवर्तमानात न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा होती. प्रार्थना करताना खचू नका, थकू नका, असं मी तुम्हाला मोठ्या तावातावाने लिहून पाठवलं होतं. त्यावर ‘खूप छान’, ‘हृदयस्पर्शी’ अशा प्रतिक्रियाही आल्या. त्याच दिवसांत एक आई रात्री जागी राहून माझ्या नसलेल्या प्रार्थनेवर टेकून बसली होती.

माझा विश्वास उडालेला नाही. मध्यरात्री उठवून विचारलंत तरी प्रेषितांचा विश्वासांगीकार घडाघडा म्हणून दाखवेन. रविवार चुकत नाही. रोज वाचन होतं, रोज लिखाण होतं. ऑफिसात आपण म्हणतो ना, पाट्या टाकतोय, तसं. उदासीनता विश्वासाशी भांडत नाही. ती त्याच्या शेजारी खुर्ची टाकून निवांत बसते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघं एकाच घरातली वाटतात.

पोप फ्रान्सिस ८ जुलै २०१३ रोजी लांपेदूसा या बेटावर गेले होते. होड्यांतून युरोपकडे निघालेले कितीतरी स्थलांतरित त्या समुद्रात बुडून मेले होते. तिथे ते उदासीनतेच्या जागतिकीकरणाबद्दल बोलले, दुसऱ्यासाठी रडणं आपण विसरलो आहोत असं म्हणाले. ते वाचून मी मान डोलावली होती. आपल्याला मोठ्या जगाच्या उदासीनतेचं वाईट चटकन वाटतं. इथे समुद्र नव्हता, हजारो माणसं नव्हती. एक मुलगा होता, आणि त्याचं नाव माझ्या मोबाईलमध्ये होतं.

काल रात्री या अवस्थेत मी पत्राचा शेवट पुन्हा वाचला. प्रभू दाराशी उभा आहे आणि ठोठावतो आहे. हे चित्र आपल्या कितीतरी घरांत कॅलेंडरवर असतं. विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात काढलेलं चित्र तर फार गाजलं. त्यातल्या दाराला बाहेरून कडी नाही, बिजागऱ्या गंजलेल्या आहेत आणि खाली रान माजलंय. दार कित्येक दिवसांत उघडलेलंच नाही. आपण हे चित्र सहसा ‘बाहेरच्यांना’ लावतो, ज्यांनी अजून येशूला स्वीकारलं नाही त्यांना. पण पत्र कोणाला आहे? बाप्तिस्मा झालेल्यांना. आत भक्ती चालू आहे, गीतं चालू आहेत, आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय तो बाहेर उभा आहे.

आपण जेवण मागवतो तेव्हा ॲपवर एक सूचना देता येते : बेल वाजवू नका, दाराशी ठेवा. मी प्रभूशी हेच करत आलोय असं मला काल जाणवलं. नोकरी टिकू दे, घरचे सुखरूप राहू देत, आजच्या मननासाठी दोन चांगल्या ओळी सुचू देत. दाराशी ठेव. तू गेलास की मी दार उघडून उचलून घेईन. त्याला मात्र ठेवून जायचं नाहीये. त्याला आत येऊन जेवायचंय, माझ्यासोबत, रात्रीचं, निवांत. आणि जेवायला बसलेला पाहुणा विचारणारच की त्या मुलाचं काय झालं रे?

मूळ ग्रीकमध्ये त्या ‘उभा आहे’चा रोख असा आहे की तो येऊन उभा राहिलेला आहे आणि अजून तिथेच आहे. ठोठावणंही चालूच आहे. माझी आशा एवढ्यावर आहे. मी उद्यापासून ऊन होईन यावर माझा फारसा भरवसा नाही, स्वतःला मी ओळखतो. पण तो निघून गेलेला नाही. सात मंडळ्यांना सात पत्रं गेली, त्यांत लावदिकियाच्या वाट्याला कौतुकाचा एकही शब्द आलेला नाही, आणि एकत्र जेवायचं हे वचन मात्र नेमकं तिलाच मिळालंय. तेही अख्ख्या मंडळीने एकदम जागं व्हावं अशी अट न घालता. कोणा एकाने जरी आवाज ऐकून दार उघडलं तरी तो आत येणार आहे.

म्हणूनच आज जक्कयाची गोष्ट यावी हे मला फार बरं वाटलं. तोही लावदिकियाच्याच थाटाचा माणूस. जकातदारांचा मुख्य, पैशाला तोटा नाही. पण त्याला येशूला बघायचं होतं, आणि त्यासाठी हा प्रतिष्ठित गृहस्थ भर रस्त्यात धावत सुटला आणि उंबराच्या झाडावर चढला. यरीहोत त्या दिवशी लोक किती हसले असतील! येशूबद्दल त्याला फार काही ठाऊक असेल असं वाटत नाही. धडपडत फांदीवर जाऊन बसणं, एवढाच त्याचा विश्वास.

प्रभू खाली येऊन थांबला, वर पाहिलं आणि त्याला नावाने हाक मारली. कोणी ओळख करून दिली नव्हती. काल रात्रीनंतर ही ओळ मला सोसवत नाही. त्याला नाव ठाऊक होतं.

आणि क्रम पाहा. आधी सुधार, मग येतो, असं येशू म्हणत नाही. आजच तुझ्या घरी उतरायचंय, लवकर खाली ये, असं सांगतो. अर्धी संपत्ती गरिबांना द्यायची, फसवलेल्यांना चौपट परत करायचं, हे जक्कय त्यानंतर बोलतो. दार उघडल्यावर. आनंदात. मी मात्र काल आधी सगळं आवरून ठेवायच्या मागे होतो. रात्रीत बसून तीन आठवड्यांच्या प्रार्थना भरून काढू, मग ताईंना गोड उत्तर पाठवू, त्यांना कळायचंही नाही.

बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, ‘ताई, मी शब्द दिला होता पण प्रार्थना केली नाही. एकदाही नाही. मला क्षमा करा.’ पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

उत्तर आज सकाळी आलं. त्या रागावतील किंवा मोठ्या मनाने ‘असू दे’ म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘मग आता करा. टाके काढायचे राहिलेत, आणि तो सुईला फार घाबरतो.’

नाव कागदावर लिहून बायबलमध्ये ठेवलंय, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायापाशी. टाके गुरुवारी काढणार आहेत.