यात्रेच्या गावातील शौचालय

यात्रेच्या ठिकाणच्या शौचालयाचा प्रश्न घरच्या शौचालयासारखा नसतो, कारण ते वापरणारा माणूस त्या गावाचा नसतो. वर्धा जिल्ह्यातील गिरड हे याचे चांगले उदाहरण आहे. समुद्रपूर तालुक्यातील या गावाजवळच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोन्ही भाविक तेथे येतात. गाव ग्रामपंचायतीचे, पण गर्दी बाहेरगावची. भाविक ना तेथील मतदार असतो, ना घरपट्टी भरणारा.

शासकीय योजनांचा हिशोब मात्र घरांवर चालतो. स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबाला शौचालयासाठी 12,000 रुपये मिळाले. त्यातून गावकऱ्याची सोय झाली तरी वाटसरूची होत नाही. त्याच्यासाठी सामुदायिक शौचालयाची तरतूद आहे. परंतु इमारत एकदाच बांधायची असते आणि झाडू रोज मारायचा असतो. उद्घाटनाची कोनशिला बसते, पण सफाईचा पगार कोणत्या खात्यातून द्यायचा हे ठरत नाही. मग दाराला कुलूप लागते. यात दोष भाविकाच्या सवयीचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक.

वर्धा जिल्ह्याला सफाईची मोठी परंपरा आहे. 1946 नंतर विनोबा भावे फावडे घेऊन पवनारजवळच्या सुरगावला जात आणि तेथील मैला स्वतः उचलत. वर्ध्याबाहेर, कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. अशा खताला सोनखत म्हणतात. शेतकऱ्याच्या घरासाठी हा मार्ग उत्तम आहे. यात्रेत तो अपुरा पडतो. दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष बंद ठेवावा लागतो, तेव्हा त्याचे निर्धोक खत होते. घराच्या मापाचा खड्डा गर्दीपुढे टिकत नाही. शिवाय टेकडीच्या कातळात खोल खणणे महाग, आणि उतारावरचा खड्डा पाझरला तर पाणी खालच्या विहिरींकडेच जाणार.

मुतारीची घाण वेगळ्या कारणाने होते. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात, अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरतात. क्षारांचा थर बसून नळी तुंबली की उग्र वास कायमचा मुक्कामाला येतो. थोडेसे पाणी ओतल्याने हा थर निघत नाही. तो आम्लाने विरघळवावा लागतो. हे काम कोणी केले नाही, तर पुरुष मुतारी सोडून शेजारच्या भिंतीकडे वळतात. बाईला तीही सोय नाही. प्रवासात पाणी न पिणे हाच तिचा उपाय, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ही त्याची किंमत. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध 2011 मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. खेड्यातल्या यात्रेत तर पैसे देऊनही जागा मिळेलच असे नाही.

गर्दीच्या दिवसांपुरती सोय करता येते, हे पंढरपूरने दाखवले आहे. आषाढी वारीनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातला आणि गल्ल्यांतला मैला सफाई कामगारांना हाताने उचलावा लागे. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. पुढे पालखीमार्गावर फिरती शौचालये आली. मात्र त्यांनाही पाणी लागते आणि मैला उपसणारे वाहन लागते. उपसलेला मैला ओढ्यात सोडला, तर घाण फक्त जागा बदलते.

म्हणून अशा गावात बारमाही शौचालये थोडी आणि पक्की असावीत, यात्रेपुरती फिरती मागवावीत, आणि देवस्थानच्या उत्पन्नातून सफाई कामगाराच्या वर्षभराच्या पगाराचा वाटा लेखी ठरवावा. स्त्रियांची दालने पुरुषांपेक्षा अधिक हवीत; त्यांना वेळ जास्त लागतो आणि आडोसाही लागतो. पगाराची सोय झाल्याशिवाय नवी इमारत मंजूर करू नये.